एल्बो

एल्बो म्हणजे कोपर.
पण नळवाल्याच्या पिशवीतला एल्बो पितळेचा असतो,
काटकोनात वळलेला, दोन्ही तोंडांनी उघडा,
आणि त्याला आपल्याकडेही कुणी कोपर म्हणत नाही.
एवढं लक्षात ठेवा.

लोस्टॉफ्टच्या गोदीत, हेरिंगच्या हंगामाच्या तोंडावर,
रॉडनी थर्केटल, वय वर्षं पंधरा,
कामाचा पहिला सोमवार.
बोटीच्या घंटेवर कळकाचा हिरवा थर
आणि तिच्यासमोर हा, बापाच्या सदऱ्याच्या बाह्या दोनदा दुमडून.
मुकादम एबेज म्हणाला,
"नुसत्या फडक्यानं नाही निघायचं. एल्बो ग्रीस लागेल.
जा, भांडारातून डबा आण. मोठा आण."

आता एल्बो ग्रीस म्हणजे अंगातली रग.
आपण जोर मनगटात ठेवतो,
त्या लोकांनी तो जरा वर, कोपरात ठेवलाय, इतकंच.
तो डब्यात मिळत नाही
हे गोदीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.
रॉडनीला नव्हतं.

भांडारवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं :
"डाव्या हाताचं की उजव्या?"
पोरानं स्वतःचे दोन्ही हात पाहिले, नीट विचार केला.
"उजव्या."
"उजव्याचं शनिवारीच संपलं. जाळीवाल्यांकडे बघ."
जाळी सांधणाऱ्या बायका माडीवर ओळीनं बसलेल्या,
एकीनं दुसरीला कोपरखळी मारली, दुसरीनं तिसरीला,
ती खिडकीपर्यंत पोचली
आणि परत आली.
मग सुतार. मग बर्फाचा कारखाना.
कोपराला गूळ लावून पोर गावभर फिरवलं,
समुद्रावरून वारा असा की कान हातात यावेत.

शेवटचं दुकान विधवा अटिंगबाईंचं.
दोर, दिवे, खिळे, राळ.
बाई हसल्या नाहीत.
गल्ल्यावर टेकून टेकून त्यांच्या स्वेटरच्या कोपरांना
चामड्याची ठिगळं लागली होती, त्यांतलं एक पुन्हा फाटलेलं.
"कोणी पाठवलं?"
"एबेजसाहेबांनी."
बाईंनी खालचा खण ओढला, चाचपला,
आणि पोराच्या तळहातावर ठेवला
एक पितळी एल्बो, पाऊण इंची.
"हा एल्बो.
ग्रीस तुझं तू घाल.
एक शिलिंग तीन पेन्स, एबेजच्या खात्यावर मांडते."

पोरानं तो मुकादमापुढे ठेवला, चिठ्ठीसकट.
एबेज एरवी म्हणायचा, ह्या नव्या पोरांना
आपलं ढुंगण कुठलं नि कोपर कुठलं कळत नाही.
त्या दिवशी काही म्हणाला नाही.
फडकं फेकलं फक्त.
दिवे लागेपर्यंत घंटेत तोंड दिसायला लागलं.

पुढे तो शब्दच मागे लागला त्याच्या.
मॉरीननं एल्बो दिला, म्हणजे सोडलं,
तेही पोस्टकार्डावर, पोस्टमननं आधी वाचून.
हेरिंग संपली तेव्हा गोदीनंही एल्बो दिला.
मिळाली ती खोली अशी की एल्बो रूम नाही,
शर्ट काढताना एक हात भिंतीला, एक दिव्याला.

आता अठ्ठ्याहत्तर.
चहाच्या डब्याशेजारी पितळी एल्बो, दर रविवारी घासतो.
दुसरा, बाहीतला,
आतून झिजत आलाय.
दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणते, "सरळ करा बघू."
तो काटकोनात थांबतो.
"आणखी?"
"बाई, हा इतकाच वळवून मिळाला होता.
आणि उजव्याचं
तेव्हाही संपलंच होतं."